दुसऱ्या दिवशीचं दुखणं

माझ्या आजाराला नाव नाही. आजही कोणी विचारलं, "काय गं झालं होतं तुला तेव्हा?" तर मला एका शब्दात सांगता येत नाही. कावीळ झालेल्याला कावीळ म्हणता येतं, हाड मोडलेल्याला प्लास्टर दाखवता येतं. माझ्याकडे दाखवायला होते ते चांगले आलेले रिपोर्ट. चांगले रिपोर्ट हातात घेऊन अंथरुणाला खिळणं म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. असं काही नसतंच अशी ज्यांची खात्री आहे त्यांनीही खुशाल वाचावं, फक्त मला सल्ला द्यायला येऊ नये. सल्ले खाऊन माझं पोट केव्हाच भरलंय.

आता मी वाशिंदला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे आणि आठवड्यातून तीन वेळा पळते. त्या वेळी मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे पळणं परत मिळावं, आणि दुसरी, कोणीतरी एकाने तोंडावर म्हणावं की हो, तू आजारी आहेस. पळणं मिळालं.

ताप

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मुरबाडच्या कॉलेजात बारावीला होते. आमचं गाव सरळगावहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला. त्या रस्त्यावर पहाटे म्हशी, दुधाचे कॅन लावलेल्या सायकली आणि मी, एवढेच असायचो. मी लांब पल्ल्याची धावपटू. जिल्ह्याच्या संघातून क्रॉसकंट्री खेळून आले होते, आणि खेळाडूंच्या जागेवर पोलिसात जायचं हे मनाशी पक्कं होतं. आमच्या गावातली कोणी मुलगी तोवर अशी नोकरीला लागलेली नव्हती. बाबांना त्याचा कोण अभिमान! एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही ते सांगायचे.

गणपतीत ताप आला. तो अख्ख्या आळीला आला होता. सगळ्यांचा गेला, माझाही गेला. चार दिवस पेज पिऊन मी उठले, आठवड्याने बूट घातले आणि पुलापर्यंत पळून आले. छान वाटलं. आंघोळ केली, जेवले, मैत्रिणीकडे जाऊन गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कंगवा धरता येईना. हात वर गेला की थरथरायचा. भिंत धरून मोरीपर्यंत गेले आणि तिथेच बसले. डोकं जड, पाय दुसऱ्याचे, आणि कोणी मोठ्याने बोललं तरी रडू यायचं. तीन-चार दिवसांनी सगळं ओसरलं. मी म्हटलं, अशक्तपणा असेल, आणि पुन्हा पळाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आधीपेक्षा वाईट.

माझ्या दुखण्याची चाल ही अशी होती. पळाले त्या दिवशी मी ठणठणीत आणि पडायची ती दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस रस्त्यावर असायचा, साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर. दुसरा दिवस घराच्या आतल्या खोलीत, गोधडीखाली. गावाने फक्त पहिला पाहिला.

दिवाळीपर्यंत न पळताही तेच व्हायला लागलं. विहिरीवरून पाणी आणलं की दुसरा दिवस गेला. कॉलेजचा जिना चढले की दुसरा दिवस गेला. आईने काळजी केली, मग चिडली, मग पुन्हा काळजी केली.

वॉर्डातली बाई

शहापूरच्या डॉक्टरांनी मलेरिया पाहिला, टायफॉइड पाहिला, छातीचा फोटो काढला. काही सापडेना तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे मला दाखल करून घेतलं.

दवाखान्याचा दिवस पहाटे सुरू होतो आणि मग दिवसभर काहीच होत नाही. रक्त घ्यायला कोणीतरी येतं, झाडूवाली पलंगाखालच्या चपला बाहेर ढकलते, ब्रेड-दूध येतं. मग मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांचा घोळका घेऊन येतात. माझ्या पलंगापाशी आले की प्रश्न ठरलेले. झोप लागते? भूक लागते? पाळी वेळेवर? आणि मग जरा हसून, "घरी लग्नाचं काही चाललंय का?" शिकाऊ पोरंही हसायची. मी त्यांच्यातल्या कोणालाही पुलापर्यंत पळण्यात हरवलं असतं. गणपतीच्या आधी.

शेजारच्या पलंगावर कसाऱ्याकडची एक बाई होती. नवरा रेल्वेत, हिला कावीळ. डोळे हळदीसारखे. मी एकदा वैतागून तिला म्हटलं, "मावशी, तुमचं बरंय. तुमचं पिवळं तरी दिसतं." ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "घे गो मंग, माजा अर्धा पिवळा तू घे." ज्या दिवशी माझा हात उठायचा नाही त्या दिवशी ती स्वतःची सलाईन सांभाळत माझी वेणी घालायची. आईच्या हाताला जोर फार, हिचा हात हलका होता.

एका सकाळी राउंड चालू असताना ती आपणहून बोलली. "सायेब, ही पोर काल जिना उतरून चहा प्यायला गेली व्हती, चांगली हसत. आज तिला कुशीवर वळता येत नाय. मी बगते ना रोज. चाललं का दुसऱ्या दिवशी पडते."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्ही तुमचं बघा."

इतक्या शिकलेल्या माणसांच्या वॉर्डात माझं दुखणं तिने नीट सांगितलं आणि ते कोणी कागदावर उतरवलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी तिला दुसरीकडे हलवलं. नाव विचारायचं राहून गेलं.

पेढे

निदानाचा दिवस लोकांच्या लक्षात राहतो म्हणतात. माझ्याही राहिला आहे. त्या दिवशी निदान झालं नाही.

"सगळं नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. "अशक्तपणा आहे थोडा. हिला कामाला लावा, मन रमेल." लाल टॉनिकची बाटली लिहून दिली आणि घरी सोडलं.

फाटकाबाहेर आल्यावर बाबा रडले. उभ्या उभ्या, टोपी तोंडावर धरून. क्षय निघेल, नाहीतर रक्ताचा काही मोठा आजार निघेल, या भीतीने ते आतून पोखरले होते हे मला तेव्हा कळलं. त्या रडण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्यांचा हात धरून मीही रडले. पण मग शहापूरच्या एसटी स्टँडसमोर उतरून त्यांनी पेढे घेतले आणि तिथे माझा घात झाला.

आमच्याकडे पेढा खाल्ला की गोष्ट पक्की. पोरगं पास झालं, पेढा. सोयरीक जुळली, पेढा. एकदा पेढा तोंडात गेला की त्या गोष्टीवर पुन्हा चर्चा नाही. बाबांनी घराघरात पेढे वाटले. "देवाच्या कृपेनं काय निघालं नाय हो पोरीला!" लोकांनी पेढा खाल्ला, पाणी प्याले आणि माझी बरी होण्याची तारीख ठरवून टाकली. दुसऱ्या दिवशी एसटीच्या प्रवासाने मी गोधडीखाली होते आणि ओटीवर शेजारीण आईला विचारत होती, "पेढं वाटलंव ना? मंग आता काय झाला हिला?"

आईने तिच्यापरीने उत्तर शोधून काढलं. "सवय लागली हो झोपायची," ती म्हणाली. मी आत ऐकत होते. हे वाक्य मी आईला माफ केलं आहे असं मी सगळ्यांना सांगते.

भगत

मग आत्या भगताला घेऊन आली. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, मोजले, मान हलवली. "वढ्याच्या अंगानं पलते ना ही? तिथनं कायतरी पाठीवर बसलाय. पोर लई दमलीय."

हसू नका. दमलीय हे म्हणणारा तो पहिला पुरुष. डॉक्टरांनी म्हटलं नाही, आमच्या खेळाच्या सरांनी म्हटलं नाही. भगताने कोंबडं घेतलं, नारळ घेतला आणि सांगितलं, "होळीपातूर त्या रस्त्याला जायाचा नाय. जड उचलायचा नाय. पडून रावायचा."

माझा त्याच्या भुतावर विश्वास नव्हता आणि नाही. पण भुताच्या भीतीने घरच्यांनी मला होळीपर्यंत खरंच पडून राहू दिलं. कोणी हंडा उचलायला सांगितला नाही, कोणी सोंग म्हटलं नाही. आणि शिमग्याच्या सुमाराला मला बरं वाटायला लागलं. आठवड्यातले चांगले दिवस वाढले. श्रेय अर्थातच कोंबड्याला गेलं.

तेव्हापासून मी मनाशी एक नियम केला. दुसरा दिवस बघायचा. आज पुलाच्या अर्ध्या वाटेपर्यंत चालायचं. उद्या उठता आलं, वेणी घालता आली, तर परवा पुन्हा तेवढंच. नाही उठता आलं तर त्याहून कमी. अंगात जोर आला म्हणून जास्त जायचं नाही, कारण माझ्या अंगातला जोर खोटं बोलतो. हा नियम पाळणं पळण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. पळायला निदान पाय लागतात. इथे पाय म्हणत असतात चल, आणि आपण रस्त्याच्या मधोमध मागे वळायचं, म्हशी बघत असताना.

आवणी

मग आषाढ आला आणि भाताची आवणी सुरू झाली. रोपं काढून चिखलात लावायचं हे काम आमच्याकडे मजूर लावून होत नाही. आज आमच्या घरच्या दोन बाया त्यांच्या शेतात, उद्या त्यांच्या दोन आमच्या शेतात. ज्या घरातून एक हात कमी जातो त्या घराचं नाव आळीत पंधरा दिवस निघतं. आमच्या घरातून सुनंदावहिनी, म्हणजे दादाची बायको, आणि मी अशा दोघी धरलेल्या होत्या. आईच्या गुडघ्यांनी आधीच हात टेकले होते.

मी एक दिवस गेले. हसत गेले, सगळ्यांबरोबर गाणी म्हटली, संध्याकाळपर्यंत वाकले. मग चार दिवस मला डोळे उघडून छताकडे बघणंही सोसेना. त्यानंतर वहिनी एकटी जाऊ लागली. दोघींची भरपाई म्हणून ती अंधार पडेपर्यंत थांबायची आणि कमरेवर हात ठेवून घरी यायची.

सावरल्यावर मी पुन्हा पहाटे रस्त्यावर जाऊ लागले. तेव्हा थोडं चालणं, थोडं हळू पळणं असं चाललं होतं. एवढंच माझ्या दुसऱ्या दिवसाला झेपत होतं. चिखलात दिवसभर वाकणं त्याच्या दसपट होतं, पण हे गणित बांधावरून कोणाला दिसणार? बायका मोठ्याने बोलायच्या, मला ऐकू जावं म्हणून. "पलायला पाय हायेत, वाकायला कंबर नाय!"

एका संध्याकाळी वहिनीने अंगणात रोपांच्या जुड्यांची पाटी आदळली. "पलतेस ना तू? सगळा गाव बगतो पलताना. मंग माज्यावर का सगळा? माज्या कंबरेचा कोनी रिपोर्ट काढला का गो?"

ती खरं बोलत होती. आणि मी आजारी होते हेही खरं होतं. दोन्ही खरं असेल तर माणसाने करायचं काय, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बाबा म्हणाले, "पलना बंद कर, नायतर शेतात जा. कायतरी एक कर." मी दोन्ही केलं नाही. हट्टी म्हणा. पळणं सोडलं असतं तर माझ्याकडे फक्त गोधडी उरली असती.

नारळी पौर्णिमेच्या आसपास मी जरा लांब गेले आणि दुसऱ्या दिवशी मोरीतच पडले. घरात वहिनीच होती. तिने मला उचलून भिंतीला टेकवलं, अंगावर ऊन पाणी घातलं, केस पुसले. माझी मान सरळ राहत नव्हती. तिने ती हातांनी धरून ठेवली. "मरशील गो एक दिस," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिने पाहिलं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, तू सांग ना घरात. तुझं ऐकतील."

तिने उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. मग म्हणाली, "मी सांगितला तर तू आजारी ठरशील. मंग दर सालची आवणी माज्याच गल्यात. मी कशाला सांगू?"

इतकं स्वच्छ माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं. मला तिचा राग आला आणि ती आवडलीसुद्धा. तिने घरात कधीच काही सांगितलं नाही.

निवड

मुरबाडच्या मैदानावर परत गेले त्याला आणखी एक वर्ष लागलं. आमचे सर, क्रीडाशिक्षक, माणूस वाईट नव्हता. पोरींना स्वतःच्या खिशातून केळी आणणारा. पण त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, मन घट्ट असलेले आणि मन कच्चं असलेले. "डोक्यातून काढून टाक," ते म्हणायचे. मी हो म्हणायचे आणि माझा नियम चोरून पाळायचे. दुसरा दिवस वाईट गेला की पोटात दुखतंय, मामा आलेत, एसटी चुकली, असं काहीही सांगायचे. खोट्या कारणांवर त्यांचा चटकन विश्वास बसायचा.

एका सकाळी, आदल्या दिवशी भरपूर पळून झाल्यावर, मी आरशासमोर उभी राहून वेणी घातली. रिबीन बांधून झाली तेव्हा लक्षात आलं की हात दुखला नाही. मी खाली बसून मोठ्याने रडले. आईला वाटलं पुन्हा सुरू झालं, आणि तिने कपाळावर हात मारला.

पुढच्या थंडीत शहापूरला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. आधी आमच्या मोठ्या मुलींची शर्यत, मग लहान गटाची. मी पहिली आले नाही, दुसरी आले नाही. शेवटच्या जागेवर कशीबशी संघात बसले. पण शेवटच्या वळणावर पाय माझे होते, कोणा दुसऱ्याचे नव्हते, आणि तो आनंद मी शब्दांत मांडायच्या भानगडीत पडत नाही.

सरांनी मला हाताला धरून लहान मुलींसमोर नेलं. "ही बघा. हिला वाटत होतं आपण आजारी आहोत. सगळे रिपोर्ट नॉर्मल! मनातलं होतं. मन घट्ट केलं, पळाली, झाली बरी."

दोन वर्षं मी ज्या दिवसाची वाट पाहिली तो हा. हरले असते तर सोंग करणारी ठरले असते. जिंकले, तर कधी आजारीच नव्हते.

मागे एक मुलगी शाल पांघरून बसली होती. दर्शना तिचं नाव, शहापूरच्याच बाजूच्या एका पाड्यावरची. सर तिला म्हणाले, "ऐकलंस ना? उठ. दिवाळीचा ताप अजून घेऊन बसलीय." आणि ते नंबरांचे कपडे वाटायला गेले.

मी तिच्याजवळ बसले. विचारलं, "पळालीस की दुसऱ्या दिवशी कसं असतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला उत्तराची गरज उरली नाही. "ताई, परवा जरासा पललेली," ती म्हणाली. "आज तोंड धुवायला आयेनं धरला."

"नको पळू," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पळ. आज बस."

तिची आई डबा घेऊन मागे उभी होती. ती पुढे आली. "तुमची निवड झाली ना बाय? मंग माज्या पोरीला कशाला खाली बसवता? डाक्टरनी सांगितलाय, काय नाय तिला." आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. सरांनी लांबून हाक मारली. मी आणखी एकदा "नको" म्हटलं, पण हळू. सगळे बघत होते, मला नुकतीच संघात जागा मिळाली होती, आणि असं काही नसतंच म्हणणाऱ्या लोकांपुढे बोलून बोलून माझा आवाज लहान झाला होता. दर्शनाने शाल काढून आईच्या हातात दिली.

ती पळाली. तिसरी आली. सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंस? तुझ्यासारखीच!"

दुसऱ्या दिवशी मी एसटीने तिच्या गावी गेले. माझाही तो दुसरा दिवस होता, पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण वेणी घातलेली होती. फाट्यापासून पाडा बराच आत. घर विचारत गेले. दर्शना आतल्या अंधारात भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली तर तिने फक्त बोटं हलवली. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "तू आजारी आहेस. मला माहीत आहे." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला तिला हात उचलता आला नाही.

तिची आई दारात उभी होती. रात्रभर जागलेली दिसत होती. ती म्हणाली, "तुमाला ठावूक व्हता ना काल? मंग जोरात का नाय सांगितला?"

तेव्हा मी हळू बोलले होते. म्हणून आता जोरात सांगते. पोरीचे रिपोर्ट चांगले आले आणि तरी ती उठत नसेल, तर पेढे वाटू नका. तिला बसू द्या.